खरं, खोटं आणि मधलं: बहुमूल्यी तर्कशास्त्राची पहिली वही

बहुमूल्यी तर्कशास्त्राकडे नव्याने वळणारे बहुतेक जण पहिल्याच वळणावर चुकतात. खरं आणि खोटं यांच्या जोडीला तिसरं मूल्य असू शकतं, हे कळलं की लगेच कोष्टक (भागांच्या मूल्यांवरून सगळ्या वाक्याचं मूल्य सांगणारा तक्ता) शोधतात, पाठ करतात, आणि मग दिसेल त्या अवघड वाक्याला ते तिसरं मूल्य चिकटवत सुटतात. मीही तेच केलं होतं. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने जातो: आधी वाक्यं, मग त्यांची दुखणी, कोष्टकं त्यानंतर. साहित्य फार लागत नाही. एक वही, पेन्सिल, खोडरबर आणि लोकलचा पाऊण तासाचा प्रवास, तोही बसायला जागा मिळाली तर. बारावीच्या गणितातला तर्कशास्त्राचा धडा आठवत असेल तर चांगलंच, विसरला असाल तरी अडणार नाही.

मी या विषयात आलो तो तत्त्वज्ञानाच्या दारातून नाही. अंधेरीच्या एका ऑफिसात ग्राहकांच्या याद्या काढायचं काम होतं. मुंबईतले एका यादीत, मुंबईबाहेरचे दुसऱ्या यादीत. दोन्ही याद्या छान निघाल्या, फक्त दोघींची बेरीज एकूण ग्राहकांइतकी येईना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, ज्यांच्या नोंदीत शहराचा रकाना रिकामा होता ते लोक दोन्हीकडून गळाले होते. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, रिकाम्या रकान्याला 'नल' म्हणतात. 'नल म्हणजे मुंबई का?' असं विचारलं तर उत्तर 'खरं' येत नाही, 'खोटं'ही येत नाही, 'अज्ञात' येतं. 'नल म्हणजे मुंबई नाही ना?' असं फिरवून विचारलं तरी 'अज्ञात'च. आणि यादीत घेताना डेटाबेस फक्त 'खरं' आलेल्यांना आत घेतो. त्रिमूल्यी तर्कशास्त्र माझ्याच टेबलावर रोज चाललेलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पायरी १: दोन मूल्यांचा करार नीट वाचा

नेहमीच्या तर्कशास्त्रात दोन गोष्टी गृहीत असतात आणि नवशिके त्यांची गल्लत करतात. पहिली: प्रत्येक विधान खरं किंवा खोटं असतं, दोन्ही नाही आणि तिसरं काही नाही. ही द्विमूल्यता. दुसरी: 'क किंवा क नाही' या साच्याचं वाक्य नेहमी खरंच असतं. पहिली गोष्ट मूल्यांबद्दल आहे, दुसरी वाक्याच्या एका साच्याबद्दल. एक मोडली म्हणजे दुसरीही मोडलीच असं नाही. याचा उपयोग पुढे सातव्या पायरीवर होणार आहे, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणखी एक. हे सगळं फक्त विधानांना लागू. 'ओ काका, जरा आत सरका' हे खरंही नाही आणि खोटंही नाही, पण त्यासाठी तिसरं मूल्य नको. ती विनंती आहे (सूर ऐकलात तर हुकूम). भिंतीवर चिकटवलेलं 'येथे पोस्टर लावू नये' हे पोस्टर स्वतःच्या विरोधात जातं खरं, पण तीही आज्ञाच. ते मजेत बघा आणि पुढे चला.

पायरी २: गाळणी लावा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. चार-पाच दिवस प्रवासात कानावर पडलेली अवघड वाक्यं वहीत लिहा. मग ज्यांना तिसऱ्या मूल्याची गरजच नाही ती काट मारून काढा. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त वाक्यं इथेच गळाली.

आधी अज्ञान गाळा. 'काल रात्री अडीच वाजता हिंदमाताला पाणी होतं.' (हिंदमाता म्हणजे दादरची, पावसात पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध जागा.) मला माहीत नाही, तुम्हालाही नसेल. पण पाणी होतं किंवा नव्हतं. वाक्याचं मूल्य ठरलेलं आहे, आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही इतकंच. आपल्याला ठाऊक नाही आणि जगात ठरलेलंच नाही, या दोन गोष्टी वेगळ्या. एसक्यूएलचा नल बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो आणि त्याला वागवलं जातं दुसऱ्यासारखं. माझ्या त्या ग्राहकाला शहर होतंच की! तो मुंबईत राहत होता किंवा मुंबईबाहेर. म्हणूनच दोन्ही याद्यांतून त्याचं गळणं चमत्कारिक वाटतं.

मग अनेकार्थ गाळा. 'दादरला एक नंबरवर थांब' हे पूर्वी खरोखर घोटाळ्याचं वाक्य होतं, कारण पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांचा आपापला एक नंबर होता. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ पासून पुढचे क्रमांक दिले आणि तो घोटाळा मिटला. बघा, त्यासाठी कुणी तर्कशास्त्र बदललं नाही, पाट्या बदलल्या. 'ठाणे मुंबईत आहे' हेही तसंच. महापालिकेची हद्द म्हणत असाल तर खोटं, कारण ती मुलुंडला संपते. महानगर प्रदेश म्हणत असाल तर खरं. कुठली मुंबई ते आधी ठरवा, वाक्य आपोआप दोन मूल्यांत बसतं.

नकार कशाला लागलाय तेही तपासा. आईने फोनवर विचारलं, 'रात्री जेवायला येणारेस ना रे?' मी म्हणालो, 'नक्की नाही.' मला म्हणायचं होतं, अजून ठरलं नाही. तिने ऐकलं, मी नक्कीच येणार नाही. रात्री घरी गेलो तर माझ्या वाटणीचं पान मांडलेलं नव्हतं. मराठीतलं 'नक्की नाही' दोन्ही अर्थांनी चालतं: 'नक्की' हा शब्द नकाराला धरून असेल तर एक अर्थ, नकार 'नक्की'ला धरून असेल तर दुसरा. मधल्या मूल्यावर विचार करताना हा फरक पावलोपावली लागतो. 'क खोटं आहे' आणि 'क खरं नाही' ही दोन मूल्यांच्या जगात एकच गोष्ट असते. तिसरं मूल्य आलं की त्या दोन होतात.

शेवटी 'नरो वा कुंजरो वा'. मराठीत या शब्दांचा अर्थच मोघम, हात झटकणारं बोलणं असा झालाय, आणि म्हणून अर्ध्या मूल्याचं उदाहरण द्या म्हटलं की लोक हमखास तेच देतात. ते साफ चूक आहे. भीमाने मारलेल्या हत्तीचं नाव अश्वत्थामा होतं. 'अश्वत्थामा मेला, माणूस किंवा हत्ती' यातल्या 'किंवा'ची एक बाजू खरी, म्हणजे सगळं वाक्य खरं. पाऊण नाही, अर्धं नाही, पूर्ण खरं. लबाडी आहे ती ऐकणाऱ्याने काय समजून घ्यावं याच्या आखणीत. अर्धसत्य बोलणारा माणूस बहुधा पूर्ण सत्य विधान करत असतो, आणि तीच तर त्याची हुशारी असते.

पायरी ३: उरलेल्यांचं दुखणं ओळखा

गाळणीतून जे उरेल ते साधारण चार प्रकारचं असतं. प्रत्येक प्रकाराला वेगळा रकाना आखा.

भविष्य. 'उद्या हिंदमाताला पाणी तुंबेल.' आज हे खरं असेल तर उद्याचं आजच ठरून गेलं. खोटं असेल तरी ठरूनच गेलं. ॲरिस्टॉटलने हाच पेच उद्याच्या समुद्रातल्या लढाईवरून मांडला. पोलंडचा यान वुकाशेविच त्यावर विचार करत होता. पुढच्या वर्षी २१ डिसेंबरला दुपारी मी वॉर्सात असेन, हे आज ना ठरलेलं आहे ना मोडलेलं, अशा धर्तीचं त्याचं उदाहरण आहे. १९२० मध्ये त्याने तीन मूल्यांची पद्धत छापली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एमिल पोस्टने स्वतंत्रपणे हव्या तितक्या मूल्यांची पद्धत मांडली, पण तिच्यामागे भविष्याची काळजी नव्हती, निव्वळ गणित होतं.

संदिग्ध शब्द. 'गाडी भरलेली आहे.' मुलुंडला सकाळी साडेआठला आलेली फास्ट भरलेलीच असते, रात्री बाराची शेवटाकडची रिकामी. मधल्या गाड्यांचं काय? मुंबईकर सरळ म्हणतो, 'भरलीये पण आणि नाही पण.' माहिती कमी आहे म्हणून तो असं म्हणत नाही. डबा त्याच्या डोळ्यासमोर आहे, माणसं मोजून दिलीत तरी तो हेच म्हणेल. या प्रकारचा मूळ पुरुष मिलेटसचा युबुलिडीज: एक दाणा म्हणजे ढीग नाही, आणि जो ढीग नाही त्यात एक दाणा टाकल्याने ढीग होत नाही, मग ढीग होतो तरी केव्हा?

पायाच नसलेलं वाक्य. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. आता कुणी म्हणालं, 'मुंबईच्या ट्रामचा ड्रायव्हर आज रजेवर आहे', तर? खोटं म्हणावं तर तो कामावर आहे असं होतं. तत्त्वज्ञ रसेल १९०५ मध्ये 'फ्रान्सचा आजचा राजा टकला आहे' या वाक्यावरून (फ्रान्सला राजाच नाही) म्हणाला, वाक्य खोटंच आहे, कारण त्याच्या पोटात 'असा एक माणूस आहे' हे विधान दडलंय आणि तेच खोटं आहे. १९५० मध्ये स्ट्रॉसनने उलटून सांगितलं, खरं-खोट्याचा प्रश्नच तिथे उठत नाही. दुखणं ओळखायची खूण सोपी आहे: वाक्याला नकार लावून बघा. 'ट्रामचा ड्रायव्हर आज रजेवर नाही.' तरीही ट्राम आहे असंच गृहीत धरलं जातं ना? मग ते गृहीतक आहे, विधानाचा भाग नाही. ही चाचणी मुळात फ्रेगेची, १८९२ ची.

स्वतःवर उलटणारं वाक्य. 'हे वाक्य खोटं आहे.' खरं धरलं तर खोटं, खोटं धरलं तर खरं.

चारही दुखण्यांवर 'मधलं मूल्य' हे एकच औषध दिलं जातं, पण मात्रा वेगळी. हे न ओळखता कोष्टक उचललं की पुढचं सगळं बिघडतं.

पायरी ४: न, आणि, किंवा

आता पेन्सिल काढा. खऱ्याला १, खोट्याला ०, मधल्याला म. मी मुद्दाम 'अर्धा' लिहीत नाही. अर्धा लिहिलं की अर्धं खरं असं वाटायला लागतं आणि आपण परत कुंजरापाशी येतो. क्रम एवढाच लक्षात ठेवा: ० सगळ्यात खाली, म मध्ये, १ वर.

नकार: १ चा ०, ० चा १, म चा म.
आणि: दोन्हींतलं खालचं मूल्य घ्या.
किंवा: दोन्हींतलं वरचं घ्या.

झालं. वुकाशेविच आणि अमेरिकेचा स्टीफन क्लेनी या दोघांचीही इथवर तीच कोष्टकं. क्लेनीने ती १९३८ मध्ये दिली, आणि त्याचा हेतू समजला की पाठ करावं लागत नाही. एखादी आकडेमोड कधीकधी संपतच नाही, उत्तरच येत नाही. म म्हणजे 'उत्तर आलेलं नाही'. मग 'किंवा'ची एक बाजू १ आली असेल तर दुसरीकडे थांबायचं कशाला? उत्तर १. 'आणि'ची एक बाजू ० आली तर दुसरी बघायची गरज नाही. बाकी ठिकाणी वाट बघा, म्हणजे म.

वहीत 'क किंवा क नाही' तपासून बघा. क ला म द्या. नकारही म, दोन्हींतलं वरचं म. म्हणजे नेहमी खरं असणारं हे वाक्य आता नेहमी खरं उरलं नाही.

पायरी ५: जर-तर, जिथे वाटा फुटतात

क्लेनीचं 'जर क तर ख' म्हणजे 'क नाही किंवा ख'. वुकाशेविचचं कोष्टक नऊपैकी आठ घरांत अगदी तेच आहे. फरक एका घरात: दोन्ही बाजू म असल्या तर क्लेनी म देतो, वुकाशेविच १. एका घराने काय होतंय असं वाटेल, पण 'जर क तर क' काढून बघा. क्लेनीकडे ते म होऊ शकतं. त्याच्या पद्धतीत काहीही घातलं तरी १ च येणारं एकही वाक्य उरत नाही, कारण सगळीकडे म भरला की उत्तर म च. वुकाशेविचला 'पाणी तुंबेल तर पाणी तुंबेल' एवढं तरी खरं राहायला हवं होतं.

त्याची किंमत नवशिक्याने स्वतः काढून बघावी. उद्याचं पाणी म आहे. मग 'उद्या पाणी तुंबेल तर उद्या पाणी तुंबणार नाही' याचं मूल्य? दोन्ही बाजू म, म्हणजे १. खरं! मी पहिल्यांदा हे उत्तर काढलं तेव्हा घर मोजण्यात चूक झाली असं वाटून तीनदा खोडलं. चूक नव्हती.

बोलण्यातल्या 'जर-तर'ला दोघांपैकी कुणाचंच कोष्टक नीट बसत नाही, असं माझं मत आहे. पण दोन मूल्यांचं कोष्टक तरी कुठे बसत होतं?

आता ट्रामकडे परत या. ही परीक्षा मला फार आवडते, कारण दोन वाक्यांत तीन कोष्टकं वेगळी पडतात.

पहिलं: मुंबईत ट्राम चालते, आणि ट्रामचा ड्रायव्हर आज रजेवर आहे.
दुसरं: ट्रामचा ड्रायव्हर आज रजेवर आहे, आणि मुंबईत ट्राम चालते.

'ट्राम चालते' हे ०, ड्रायव्हरचं वाक्य म. आत्ताच्या कोष्टकात दोन्ही क्रमांत खालचं मूल्य, म्हणजे ०. क्लेनीचंच एक दुबळं म्हणून ओळखलं जाणारं कोष्टक आहे, रशियाच्या बोचवारनेही १९३८ मध्ये तसंच दिलं. त्याचा नियम म्हणजे नासका आंबा आणि आढी. एक भाग म असला की सगळं वाक्य म. त्यात दोन्ही वाक्यं म. बोचवारला निरर्थक वाक्यांची अडचण होती, आणि अर्थच नसलेला तुकडा आत असला तर सगळं निरर्थक, हे त्याच्या दुखण्याला शोभतं. आता तुमच्या कानाला विचारा. पहिलं वाक्य ऐकून मी म्हणेन, 'खोटं! ट्राम कुठली आलीये?' दुसरं ऐकताना मध्येच थांबवेन, 'थांब, कुठली ट्राम?' म्हणजे पहिल्याला ०, दुसऱ्याला म. ऐकणारा डावीकडून उजवीकडे जातो, आधीच्या भागाने पुढच्याची सोय लावली की नाही ते बघत. स्टॅनली पीटर्सने १९७९ मध्ये असंच क्रम पाळणारं कोष्टक मांडलं. गृहीतकाच्या दुखण्याला मी तेच वापरतो.

पायरी ६: दाराशी कोण उभा आहे?

कोष्टक झालं म्हणजे तर्कशास्त्र झालं असं नाही. कुठलं मूल्य 'चालेल' हेही ठरवावं लागतं. अनुमान बरोबर म्हणजे आधारवाक्यं चालण्याजोगी असतील तर निष्कर्षही चालण्याजोगा. फक्त १ चालेल म्हणायचं, की १ आणि म दोन्ही?

डेटाबेसमध्ये दोन्ही पहारेकरी आहेत आणि ही गोष्ट मला पुस्तकात नाही, कामात कळली. यादी काढताना अट 'अज्ञात' आली तर ओळ बाहेर. पण नवी नोंद भरताना त्याच अटीची तपासणी लावली असेल, 'वय १८ पेक्षा जास्त हवं', आणि वयाचा रकाना रिकामा असेल, तर नोंद आत घेतली जाते! पहिला पहारेकरी म्हणतो, पास दाखव तरच सोडतो. दुसरा म्हणतो, विनातिकीट आहेस हे सिद्ध झालं तरच अडवतो. कोष्टक तेच, पहारेकरी वेगळा.

तत्त्वज्ञानातही अगदी हेच. क्लेनीच्या कोष्टकांवर फक्त १ चालेल म्हटलं तर मधलं मूल्य म्हणजे पोकळी: ना खरं, ना खोटं. म ही चालेल म्हटलं तर तेच मूल्य 'खरंही आणि खोटंही' असं वाचता येतं. ग्रॅहम प्रीस्टने १९७९ मध्ये ही दुसरी वाट घेतली, आणि 'हे वाक्य खोटं आहे' याला तिथे बसवलं. या वाटेवर 'क किंवा क नाही' सुखरूप परत येतं: मूल्य म झालं तरी म चालतो. विसंगतीतून काहीही सिद्ध करण्याची सोय मात्र बंद होते. दोन मूल्यांत 'पाणी आहे' आणि 'पाणी नाही' दोन्ही मान्य केलीत तर 'चंद्र वडापावचा आहे' हेही निघतं. इथे पाण्याला म, चंद्राला ०: आधार चालतात, निष्कर्ष चालत नाही, अनुमान रद्द. पण किंमत आहेच: 'क' आणि 'जर क तर ख' यांवरून 'ख' काढणंही रद्द होतं. क ला म, ख ला ० देऊन स्वतः बघा.

खोट्या वाक्याच्या पेचावर मधलं मूल्य हा कायमचा उपाय आहे असं समजू नका. 'हे वाक्य खरं नाही' असं लिहा. मधलं म्हणजे पोकळी असं धरून त्याला म द्या. म म्हणजे खरं नाही. पण वाक्य तेच तर म्हणतंय! मग ते खरं. दुसऱ्या पायरीवरचं 'नक्की नाही' इथे आपला हिशेब चुकता करून घेतं. सॉल क्रिप्कीने १९७५ मध्ये क्लेनीच्या कोष्टकांवर सत्याचा सुरेख सिद्धान्त उभा केला, आणि हा सूडाचा पेच त्यालाही पुरता चुकवता आला नाही.

चार मूल्यंही हवीशी वाटतील. न्यूएल बेल्नॅपने १९७७ मध्ये संगणकासाठी ती मांडली: खरं सांगितलं गेलंय, खोटं सांगितलं गेलंय, दोन्ही, काहीच नाही. इंडिकेटर म्हणतो गाडी तीनवर, घोषणा म्हणते पाचवर. फलाटावरचा माणूस तिसऱ्या अवस्थेत असतो आणि तरी तो 'चंद्र वडापावचा' असा निष्कर्ष काढत नाही, पूल चढून मध्येच उभा राहतो. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेत याच्याशी मिळतीजुळती चतुष्कोटी आहे: सर्वं तथ्यं न वा तथ्यं तथ्यं चातथ्यमेव च (सगळं खरं, किंवा खरं नाही, किंवा खरंही आणि खोटंही; चौथी कोटी, दोन्ही नाही, पुढच्या ओळीत). कान्हेरीला गेलात तर तिथल्या एखाद्या विहारात बसून ती वहीत उतरवा. थंड असतं आणि माकडं सोडली तर कुणी त्रास देत नाही. जैनांची सप्तभंगीही (विधान करायच्या सात रीती) याच प्रकरणात ओढली जाते. तिथे मूळ तीनच: अस्ति, नास्ति, अवक्तव्य. त्यांतलं एक, दोन किंवा तिन्ही निवडायच्या वाटा सात. पण प्रत्येकाआधी 'स्यात्' आहे, म्हणजे एका विशिष्ट दृष्टीने. दृष्टी सांगितली की विधान सरळ खरं ठरू शकतं, ठाण्यासारखं. म्हणून 'आपल्याकडे सप्तमूल्यी तर्कशास्त्र होतंच' असं छाती फुगवून सांगणाऱ्यांपासून जरा जपून राहा. सात भंग आणि सात सत्यमूल्यं ही एकच गोष्ट नाही.

पायरी ७: कोष्टक मोडतं ते बघा

'उद्या हिंदमाताला पाणी तुंबेल किंवा तुंबणार नाही.' क्लेनी असो वा वुकाशेविच, उत्तर म. पण दादरच्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो म्हणेल, 'हे काय विचारणं झालं? खरंच आहे.' म्हणजे ज्या भविष्यासाठी तिसरं मूल्य आणलं तिथेच ते पहिल्या फटक्यात फसतं. तसंच काठावरच्या डब्याबद्दल 'भरलेला आहे आणि रिकामा आहे': दोन्ही म, म्हणून सगळं म, जेवढं 'भरलेला आहे आणि भरलेला आहे' तेवढंच. कान म्हणतात, पहिलं साफ खोटं. किट फाइनने १९७५ मध्ये यावर बोट ठेवलं: काठावरच्या वाक्यांचेही आपापसांत संबंध असतात, आणि फक्त मूल्यं बघणाऱ्या कोष्टकाला ते दिसत नाहीत.

त्याची तोड अशी. 'भरलेला' शब्दाची रेषा जिथे जिथे ओढणं वाजवी आहे तिथे तिथे ओढून बघा. प्रत्येक रेषेखाली साधं दोन मूल्यांचं तर्कशास्त्र चालवा. सगळ्या रेषांखाली खरं आलं तर खरं, सगळ्यांखाली खोटं तर खोटं, मिश्र आलं तर पोकळी. भविष्यालाही हेच लागतं, रेषांच्या जागी संभाव्य उद्या ठेवायचे. युक्तीचा पाया बास व्हॅन फ्रासेनने १९६६ मध्ये घातला होता. आता पहिलं पान उघडा: द्विमूल्यता मोडली, पण 'क किंवा क नाही' टिकलं. एक बोच राहते. 'किंवा' खरं आहे आणि त्याची एकही बाजू खरी नाही. मला ती भविष्याबाबत चालते, डब्याबाबत अजूनही टोचते.

पायरी ८: आकडे लावायचेत?

लॉत्फी झादेने १९६५ मध्ये 'फझी' संच मांडले, गोगनने १९६९ मध्ये ढिगाच्या पेचाला अंशांचं तर्कशास्त्र लावलं. कल्पना सोपी: मूल्य ० ते १ मधला कुठलाही आकडा. समजा, २०० माणसांचा डबा १ इतका भरलेला, १०० चा ०.५, शून्याचा ०. 'न माणसांनी भरलेला असेल तर एक कमी केला तरी भरलेलाच' हे वुकाशेविचच्या सूत्राने काढा: १ वजा दोघांतला फरक, म्हणजे ०.९९५. जवळपास खरं! म्हणूनच आपण ते मान्य करतो. पण प्रत्येक पावलाला ०.००५ गळतं, आणि २०० पावलांनी भांडं रिकामं. पेच फसवा का वाटतो याचं इतकं स्वच्छ चित्र दुसऱ्या कुठल्या पद्धतीत मला सापडलं नाही.

दोन खड्डे मात्र टाळा. अंश म्हणजे शक्यता नव्हे: 'भरलेला आणि भरलेला नाही' याची शक्यता शून्य, पण १०० जणांच्या डब्यात त्याचा अंश ०.५. आणि १३७ जणांच्या डब्याला ०.६८५ हा आकडा कुणी दिला? संदिग्धपणा घालवायला निघालो आणि तीन दशांश स्थळांचा काटेकोरपणा आणून बसवला. टिमथी विल्यमसन तर १९९४ पासून सांगतोय की रेषा एकच आहे आणि काटेकोर आहे, फक्त आपल्याला ती कळू शकत नाही. म्हणजे त्याच्या मते डब्याचं वाक्य दुसऱ्या पायरीवरच अज्ञान म्हणून गाळायला हवं होतं. मला पटत नाही, पण खोडून काढायला वाटलं त्यापेक्षा फार अवघड गेलं.

पहिल्या आठवड्याचा अभ्यास म्हणून एकच वाक्य पुरे. फलाटावर उभे राहा, घोषणा ऐका: 'मुलुंडला जाणारी गाडी थोड्याच वेळात येत आहे.' गाडी रद्द झालेली असली तर? 'थोड्याच' म्हणजे किती? येणं अजून व्हायचंय. तीन दुखणी एकाच वाक्यात. प्रत्येकाला कुठलं कोष्टक आणि दाराशी कुठला पहारेकरी ते वहीत लिहा, आणि गाडी आली की तुमचं कुठलं उत्तर बदललं तेही त्याखाली लिहा.